माहेरची वही



मूत्ररोग शल्यचिकित्सक आणि कर्करोगतज्ज्ञांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. अध्यक्षाने वर्षभरातील प्रगतीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. रोबोटिक शस्त्रक्रिया आणि नवी औषधे यांवर पुढचे दोन दिवस जाणकार बोलणारच आहेत. मी एका घराविषयी बोलणार आहे. त्या घराने मला तरुण वयातील मूत्रपिंडाचा कर्करोग शिकवला, आणि शिकायला मला फार उशीर झाला.

वीसेक वर्षे झाली. निफाडकडच्या एका गावातून २९ वर्षांची एक शिक्षिका माझ्याकडे आली. लघवीतून रक्त जायचे, पण दुखत काहीच नव्हते. घरच्यांनी ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले. दवाखान्यात जंतुसंसर्गाच्या गोळ्या मिळाल्या. रक्त थांबले आणि दीड महिन्याने पुन्हा दिसले. मग कोणी मुतखड्याचे नाव काढले, आणि सकाळ-संध्याकाळ पानफुटीची पाने सुरू झाली. सोनोग्राफी झाली तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. उजव्या मूत्रपिंडात गाठ होती. मी मूत्रपिंड काढले. केसपेपरवर ‘कौटुंबिक इतिहास’ असा एक रकाना असतो. त्यात मी ‘विशेष नाही’ असे लिहिले.

ते मी विचारून लिहिले नव्हते.

दीड वर्षात ती गेली. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. पुढे तीन वर्षांनी तिचा धाकटा भाऊ माझ्यासमोर बसला. त्याचाही रोग तोच होता आणि तोवर यकृतात पोचला होता. त्या दिवशी त्यांची आई मी न विचारताच बोलली. ‘डॉक्टर, माझी पिशवी बत्तिसाव्या वर्षीच काढली. गाठींनी भरली होती. माझ्या आईचीही तशीच काढली होती. आणि माझा भाऊ लघवीतून रक्त जाऊन गेला.’ बोलता बोलता तिने बाही वर केली. दंडावर तांबूस गाठींचा पुंजका होता. ‘थंडीत ह्या फार ठणकतात,’ ती म्हणाली.

संपूर्ण निदान त्या माउलीने चार वाक्यांत सांगितले होते. फ्युमरेट हायड्रेटेज या जनुकातील दोष: बायकांमध्ये कमी वयात गर्भाशयाच्या गाठी, कातडीवर दुखऱ्या गाठी, आणि काहींना तरुणपणीच मूत्रपिंडाचा अतिशय आक्रमक कर्करोग. या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध २००२ साली उघड झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही त्या शिक्षिकेचा जपून ठेवलेला पॅराफिन ब्लॉक काढून पुन्हा रंगवला, तेव्हा पेशींत त्या जनुकाचे प्रथिन नव्हते. पण त्या काचपट्टीपेक्षा त्या माउलीचा दंड अधिक स्पष्ट बोलला होता. मी आधी विचारले असते, तर शिक्षिकेच्या भावाची तपासणी काही वर्षे अगोदर झाली असती.

मित्रहो, मूत्रपिंडाचा कर्करोग आपण उतारवयाचा आजार म्हणून शिकलो. पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळी रुग्णाचे वय सर्वसाधारणपणे ६४-६५ असते. आपल्या रुग्णालयांच्या मालिकांत ते त्याहून सुमारे दहा वर्षांनी कमी दिसते. अमेरिकेतील नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९५५च्या सुमारास जन्मलेल्यांपेक्षा १९९०च्या सुमारास जन्मलेल्यांमध्ये, वयाच्या त्याच टप्प्यावर, या कर्करोगाचे प्रमाण दोन ते तीन पटींनी जास्त आढळले. त्यातला काही भाग सहज म्हणून केलेल्या सोनोग्राफीत सापडणाऱ्या गाठींचा आहे, हे मान्य. पण वाढता लठ्ठपणा, कमी वयातला रक्तदाब आणि धूम्रपान ही या रोगाची ओळखीची कारणे आहेत, आणि तिन्ही आपल्या तरुणांच्या घरात शिरली आहेत.

तरीही माझा मुद्दा संख्येचा नाही. तरुणाच्या मूत्रपिंडातली गाठ हा म्हाताऱ्याचाच आजार लवकर आला, असे समजू नका. बऱ्याचदा तो वेगळाच आजार असतो. मूत्रपिंडाच्या सगळ्या कर्करोगांत शेकडा पाच ते आठ आनुवंशिक असतात, आणि वय जितके कमी तितकी ती शंका वाढते. म्हणूनच ४६ किंवा त्याहून कमी वयाच्या रुग्णाला जनुकीय सल्ला द्यावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

त्या सल्ल्यातून काय हाती लागते? व्हॉन हिपेल-लिंडाऊ विकारात डोळ्याच्या पडद्यावर आणि मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी असतात, आणि दोन्ही मूत्रपिंडांत एकामागून एक गाठी उगवतात. बर्ट-हॉग-डुबे विकारात चेहऱ्यावर बारीक पांढरट पुटकुळ्या असतात, आणि काहींच्या बाबतीत छातीत हवा भरून फुप्फुस मिटल्याचा जुना प्रसंग घडलेला असतो. ट्रान्सलोकेशन कर्करोगात टीएफई-३ हे जनुक दुसऱ्या जनुकाला चिकटते. तो आनुवंशिक नाही, पण मुलांत आणि तरुणांत वारंवार दिसतो, आणि त्यासाठीचा खास रंग लावला नाही तर काचपट्टीवर भलत्याच नावाने नोंदला जातो.

आजाराचे नाव बदलले की शस्त्रक्रियाही बदलते. हिपेल-लिंडाऊ किंवा बर्ट-हॉग-डुबे विकारात मूत्रपिंडातली गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत आपण नियमित तपासणी करत थांबतो, कारण या माणसाला आयुष्यात अनेकदा टेबलावर यावे लागणार असते आणि मूत्रपिंडाचा तुकडा न् तुकडा राखायचा असतो. फ्युमरेट हायड्रेटेजच्या घरात मात्र एक सेंटिमीटरच्या गाठीलाही थांबायचे नसते. गाठीचे माप तेच, पण घर वेगळे असले की निर्णय उलटा. घर कोणते हे न विचारता आपण चाकू हातात कसा घेतो?

विदर्भातून आणि नंदुरबारकडून आलेल्या सहकाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. सिकलसेलचा एकच दोष वाहणाऱ्या तरुणांमध्ये, अत्यंत विरळ पण फार घातक असा, मूत्रपिंडाच्या गाभ्यातला कर्करोग होतो. त्याचे वर्णन अमेरिकेत १९९५ साली झाले. तो बहुधा उजव्या बाजूला आणि मुलग्यांत अधिक होतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यामुळे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या असंख्य तरुणांना आपण वाहक असल्याचे कळते आहे. त्यांना घाबरवू नका. वाहकाच्या लघवीतले रक्त बहुतेक वेळा साध्या कारणाने असते. पण ‘सिकलचेच असेल’ म्हणून त्याला तसाच घरी पाठवू नका. एकदा तरी त्याच्या मूत्रपिंडाचे चित्र काढा.

आता पुन्हा घराकडे येतो. ही परिषद नाशकात भरली आहे. इथे पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या आहेत. आपले गाव आणि आडनाव सांगितले की ते पान उघडतात आणि पणजोबांचे, खापरपणजोबांचे नाव वाचून दाखवतात. पिढ्यान् पिढ्या जपलेली ही आपली ठेव आहे. पण त्या वहीत वंश बापाकडून मुलाकडे उतरतो. जनुके तेवढ्यावर थांबत नाहीत. त्या शिक्षिकेचा आजार आईकडून आला, आईला तिच्या आईकडून. ती ओळ कोणत्याच वहीत नव्हती. ती दोन बायकांच्या ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत होती, आणि ते शब्द आम्ही पुरुष डॉक्टरांनी कधी कौटुंबिक इतिहासात धरले नाहीत. गर्भाशयाच्या गाठी असंख्य बायकांना असतात आणि बहुतेकींच्या साध्याच असतात. पण मूत्रपिंडात गाठ असलेला तरुण समोर असेल, तर त्याच्या आईची, मावशीची आणि आजीची पिशवी कोणत्या वयात, कशासाठी काढली, हे विचारावेच लागेल. सासरची वही आपल्याकडे आहे. माहेरची वही आपल्यालाच लिहायला हवी.

अशा वह्यांनी काय साधते, हे या शास्त्राचा इतिहास सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मार्स्टन लाइनहन, बर्टन झ्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिपेल-लिंडाऊच्या कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या, रक्त गोळा केले आणि १९९३ साली ते जनुक सापडले. हे जनुक बिघडले की पेशीला भरपूर प्राणवायू असूनही गुदमरल्यासारखे वाटते आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागत राहते. पेशी प्राणवायू कसा ओळखते हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चे नोबेल मिळाले. त्याच वाटेवर नेम धरणारे बेल्झुटिफॅन हे औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले. घराण्यात रोग नसलेल्या रुग्णांनाही आज त्या संशोधनाचा लाभ होतो. काही घरांनी आपली दुःखे कागदावर उतरवू दिली, म्हणून हे घडले.

आपल्याकडे ही वही उघडताना एक मोठी भीती आड येते. ‘हे बाहेर कळले तर पोरीचे लग्न कसे होईल?’ हा प्रश्न मी कितीदा ऐकला आहे. तो प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगण्याच्या अनुभवातून तो आलेला असतो. म्हणून अहवाल ज्याचा, त्याच्याच हातात द्या, आणि पुढे कोणाला सांगायचे ते त्यालाच ठरवू द्या. हेही सांगा, की आई-वडिलांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. उरलेल्या निम्म्यांना तपासणी कायमची चिंतामुक्त करते. तरुण रुग्णाला मूलबाळ हवे असेल, तर औषधे सुरू करण्यापूर्वी बीज जतन करण्याची गोष्ट आपणच काढायची. तो बिचारा संकोचाने विचारत नाही.

या सभेपुढे मी तीन गोष्टी मांडतो. लघवीत डोळ्यांना रक्त दिसले आणि दुखत नसेल, तर वय न पाहता सोनोग्राफी करावी. ४६ वर्षांच्या आतल्या प्रत्येक रुग्णाची आईकडची आणि बापाकडची अशी तीन पिढ्यांची वंशावळ केसपेपरला जोडावी, आणि गरज भासल्यास खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या जनुकीय सल्ला केंद्राकडे पाठवावे. तिसरी गोष्ट: अशा घरांची राज्यव्यापी नोंदवही आपण सुरू करावी. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली बार्शीत. नोंद करण्याची परंपरा आपल्याच मातीतली आहे.

ती चार वर्षांची मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्यातही तो दोष आहे. दर वर्षी ती एमआरआयला येते, कारण या आजारात सोनोग्राफीवर विसंबता येत नाही. मागच्या खेपेला एक बारीक गाठ दिसली. ती वेळेत निघाली, आणि मूत्रपिंड वाचले. तपासणीला येताना तिने शाळेच्या वहीतले एक पान आणले होते. आजीने नावे सांगितली, तिने लिहिली. पान भरून बायकांची नावे होती. सगळ्यांत वर खापरपणजी, खाली एका कोपऱ्यात ती स्वतः.

केसपेपरवर मी लिहिलेले ‘विशेष नाही’ हे दोन शब्द आता मला खोडता येत नाहीत. तुम्ही विचारल्याशिवाय ते लिहू नका, एवढेच माझे मागणे आहे.