गोठ्यातली चावरी माशी



वैशाखातल्या दिवसांत गोठ्याकडे जरा लक्ष देऊन पाहा. गाय सारखी पाय आपटते, शेपटी झटकते, वैरण सोडून पोटाकडे मान फिरवते. आपण म्हणतो, उन्हाची तलखी आहे. पण पुष्कळदा तिच्या पायांना चावरी माशी लागलेली असते. दिसायला ही घरमाशीसारखीच. मात्र तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात. धार काढणाऱ्या माणसाच्या पोटऱ्याही त्या सोडत नाहीत.

चाव्याने जनावर बेजार होते, चारा कमी खाते, दूध घटते. पण एवढ्यावर भागत नाही. शेपटीचा फटका बसला की माशी अर्धवट रक्त पिऊन उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. सोंडेला लागलेले रक्त तिकडे पोचते. सर्रा रोगाचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली शोधले. गोमाशी आणि ही चावरी माशी ते असेच पसरवतात. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीने किती गोठे रिकामे केले, ते आपण पाहिलेच आहे. त्या रोगाच्या फैलावातही चावणाऱ्या माश्यांचा हात असतो.

मग करावे काय? आपण धुरी करतो. तिने माश्या तेवढ्यापुरत्या उठतात, धूर विरला की परत येतात. शिवाय वैरणीजवळ विस्तव म्हणजे जिवाला घोर! खरा उपाय माशीच्या जन्मस्थानी करावा. शेणमुताने भिजलेली, कुजकी वैरण हे तिचे बाळंतघर. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून गव्हाणीखालचा, कोपऱ्यातला, पाण्याच्या हौदाजवळचा ओला कचरा आठवड्यातून दोनदा काढा. तो पातळ पसरून वाळवा; नाही तर खड्ड्यात दाबून मातीने झाका. मुताला वाट करून द्या, जमीन कोरडी ठेवा. औषध मारायचे तर पशुवैद्याला विचारून. चाऱ्यावर आणि दुधाच्या भांड्यांवर मुळीच नको.

शिक्षक मित्रहो, मुलांना भिंगातून मेलेली घरमाशी आणि चावरी माशी शेजारी ठेवून दाखवा. सोंडेतला फरक ती विसरणार नाहीत.

आणि एक सांगतो. माशी शेजाऱ्याचे कुंपण जाणत नाही. एकाने गोठा झाडला आणि दुसऱ्याने ओला ढीग तसाच ठेवला, तर दोघांचीही जनावरे पाय आपटीत राहतील. तेव्हा आळीने मिळून वार ठरवा.