बाँडचं घड्याळ आणि बाबांचं घड्याळ

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, "प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी बोलायचं, पण पंधरा मिनिटांत." आमच्यात डॉक्टर आहेत, बँकेतले साहेब आहेत, एक जण अमेरिकेतून आलाय. मी घड्याळजी. तेव्हा घड्याळांविषयीच बोलणार. पण नुसतं तेल, चाकं आणि कमान यांवर बोललो तर जेवणानंतरच्या या वेळी अर्धा हॉल झोपेल. म्हणून जेम्स बाँडला बरोबर आणलंय. आपल्यापैकी अनेकांनी गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा क्रमिक पुस्तकात लपवून वाचल्या आहेत. गुरुजन समोर असल्यामुळे नावं सांगत नाही.

बाँडला जन्म देणारा इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, विभागप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांचा मदतनीस म्हणून. १९५२ साली जमैकातल्या आपल्या घरी त्याने 'कॅसिनो रॉयल' लिहिली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. त्याची एक खास लकब होती. तो नुसतं 'सिगारेट' किंवा 'गाडी' असं लिहीत नसे, नाव घेऊन लिही. बाँड बेंटली चालवतो, त्याचं पिस्तूल अमुक बनावटीचं, त्याचा ब्लेझर-शर्ट तमुक कापडाचा. गोष्ट कितीही अचाट असली तरी वस्तू खऱ्या असल्या की वाचक विश्वास ठेवतो, हे त्याला कळलं होतं. त्यातलीच एक वस्तू म्हणजे बाँडचं रोलेक्स.

१९६३ सालच्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या कादंबरीत बाँड हे घड्याळ मुठीवर चढवतो आणि एका पहारेकऱ्याला ठोसा मारतो. घड्याळ फुटतं. पुढे नवं घ्यायची वेळ येते तेव्हा तो साधा हिशेब करतो: जड आहे, पण चालतं, आणि अंधारात वेळ दिसते. म्हणजे पुन्हा तेच घ्यावं. आजच्या भाषेत हे लक्झरी घड्याळ, पण बाँडच्या लेखी ते हातोडीसारखं अवजार आहे. तुटलं तर दुसरं.

ते रोलेक्स नेमकं कोणतं, यावर संग्राहक अजून भांडतात. सिनेमामुळे सगळे 'सबमरिनर' म्हणतात. पण कादंबरीत तबकडीवरच्या चमकणाऱ्या मोठ्या आकड्यांचा उल्लेख आहे आणि सबमरिनरच्या तबकडीवर सहसा आकडे नसतात, ठिपके आणि पट्ट्या असतात. आकडे असतात ते 'एक्सप्लोरर'वर: ३, ६ आणि ९. फ्लेमिंग स्वतः एक्सप्लोररच वापरायचा. मी घड्याळजी म्हणून माझं मत एक्सप्लोररच्या बाजूने देतो. तबकडी काय सांगते ते आधी बघायचं, लोक काय सांगतात ते नंतर. आज मला जे सांगायचंय ते सगळं याच एका वाक्यात आहे.

कारण घड्याळांच्या धंद्यात गोष्टी फार. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची इंग्रज तरुणी ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली. त्यावर शंका घेतली गेली, म्हणून त्याच महिन्यात ती पुन्हा उतरली. या दुसऱ्या वेळी रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी आपलं नवं 'ऑयस्टर' घड्याळ तिला दिलं. पाणी आत शिरत नाही ही त्याची ख्याती. नंतर लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात झळकली. आजही अनेक जण सांगतात की हे घड्याळ मनगटावर बांधून तिने खाडी पार केली. प्रत्यक्षात ते तिच्या गळ्यात अडकवलेलं होतं, आणि ती दुसरी खेप गारठ्यामुळे दहा-एक तासांनी सोडून द्यावी लागली होती. घड्याळ मात्र खरोखरच चालू राहिलं. म्हणजे खरी गोष्टही काही कमी नव्हती, तरी लोकांनी तिला रंग लावलाच.

आता दुसरी गोष्ट ऐका. महायुद्धात जर्मनांच्या 'श्टालाग लुफ्त ३' या युद्धकैद्यांच्या छावणीत क्लाइव्ह नटिंग नावाचा ब्रिटिश कॉर्पोरल होता. तो छावणीत चांभारकाम करायचा. १९४३ साली त्याने तिथून जिनिव्हाला विल्सडॉर्फना पत्र लिहून एक घड्याळ मागवलं. विल्सडॉर्फनी ते पाठवलं आणि कळवलं की पैशांचं युद्ध संपल्यावर बघू. विचार करा, जर्मनांच्या कैदेत असलेल्या माणसाला उधारीवर घड्याळ! जर्मनी हरेलच असा भरवसा असल्याशिवाय कुणी अशी उधारी देईल का? याच छावणीतून मार्च १९४४ मध्ये ७६ कैदी भुयारातून निसटले. 'द ग्रेट एस्केप' सिनेमा त्यावरचाच. पुढे नटिंगचं घड्याळ लिलावात आलं, तेव्हा त्याच्याबरोबर ती पत्रंही होती. ग्लाइट्झची गोष्ट तोंडातोंडी फिरत बदलली, नटिंगची तशीच्या तशी राहिली. फरक फक्त कागदांचा.

आता सिनेमाकडे येऊ. १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये शॉन कॉनरीच्या हातात सबमरिनर आलं. 'गोल्डफिंगर'मध्ये त्याच जातीच्या घड्याळाला पट्टेरी नायलॉनचा पट्टा आहे, आणि तो घड्याळाच्या दोन पायांमधल्या जागेपेक्षा चक्क अरुंद आहे. माझ्या दुकानात एखाद्या पोराने असा पट्टा बसवला असता तर मी तो काढायला लावला असता! आज जगभर तसे पट्टे 'बाँडचा नाटो पट्टा' म्हणून विकतात. ब्रिटिश लष्कराचा ज्याला नाटो म्हणतात तो पट्टा १९७३ सालचा, आणि सिनेमा १९६४ चा. पुन्हा तेच: वस्तू बघा, सनावळी बघा.

मग घड्याळांत करामती शिरल्या. १९६५ च्या 'थंडरबॉल'मध्ये ब्राइटलिंगच्या घड्याळात किरणोत्सार मोजायचं यंत्र दाखवलं. चित्रीकरणानंतर ते घड्याळ हरवलं आणि पुढे इंग्लंडमध्ये जुन्या सामानाच्या बाजारात कुणाला तरी २५ पौंडांना मिळालं. २०१३ साली लिलावात त्याचे १ लाख ३ हजार ८७५ पौंड आले. १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये रॉजर मूरच्या सबमरिनरची कडा करवतीसारखी फिरते आणि दोर कापते. ते घड्याळ २०१५ साली जिनिव्हाच्या लिलावात ३ लाख ६५ हजार स्विस फ्रँकला गेलं. आणि गंमत अशी की त्याच्या आत मशीनच नाही. करामतीला जागा हवी म्हणून ते काढून टाकलेलं. वेळ न दाखवणाऱ्या घड्याळाला एवढी किंमत! मग घेणाऱ्याने घेतलं काय? गोष्ट घेतली.

असं का झालं, याचं कारण आमच्या धंद्याच्या इतिहासात आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. चावीच्या घड्याळाचा बॅलन्स सेकंदाला साधारण ५ ते ८ ठोके देतो. क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. अचूकतेची स्पर्धा तिथेच संपली. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मध्ये बाँडच्या हातातही सेकोच आहे आणि त्यातून संदेशाची पट्टी छापून बाहेर येते. 'ऑक्टोपसी'चं चित्रीकरण उदयपूरला झालं तेव्हाही सेकोच. म्हणजे स्वतः बाँडनेच स्विस घड्याळ काढून ठेवलं होतं. स्वस्तातलं घड्याळ जास्त बिनचूक झाल्यावर महाग घड्याळाला टिकण्यासाठी दुसरं काही तरी विकणं भाग होतं. ते म्हणजे वारसा, ऐट, गोष्ट. १९९५ च्या 'गोल्डनआय'पासून बाँडच्या हातात ओमेगा आलं. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांचं म्हणणं, हा नौदलातला कमांडर आहे, आणि ब्रिटिश सैन्यदलांशी ओमेगाचं जुनं नातं आहे. ते खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात ओमेगाने ब्रिटिशांना १ लाख १० हजारांवर घड्याळं पुरवली. कारण खरं आहे, पण त्याच्याबरोबर जाहिरातीचा मोठा करारही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता आपल्या घरी या.

गेल्या काही वर्षांत आपल्या वयाची माणसं दुकानात येतात, रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "बाबांचं आहे." कधी एचएमटी जनता, कधी फाव्र-ल्यूबाचं सी चीफ, कधी आजोबांचं वेस्ट एंड. पुढचं वाक्य ठरलेलं: "जरा नव्यासारखं करून द्या." नवी तबकडी, पॉलिश केलेली केस, चकचकीत काटे. हे काम करून देणारे कमी नाहीत. जुन्या तबकड्यांवर नवा रंग चढवून, तीन घड्याळांचे भाग एकात घालून, 'व्हिंटेज' म्हणून परदेशी विकणं हा आपल्याकडचा मोठा व्यवसाय आहे. जगभरच्या संग्राहकांनी त्या मालाला नाव दिलंय: 'मुंबई स्पेशल'. आपल्या शहराचं नाव कशासाठी घेतलं जावं, असं मला विचाराल तर यासाठी नक्कीच नाही. आणि हे रंगकाम करणाऱ्यांचा हात कच्चा असतो असंही नाही. कित्येकांचा हात सोन्यासारखा आहे, म्हणूनच वाईट वाटतं.

मी गिऱ्हाइकाला सांगतो, मशीन साफ करून देतो, तेल देतो, कमान थकली असेल तर बदलतो. तबकडीला हात लावत नाही. काही जण रागावून दुसरीकडे जातात. माझा धंदा बुडतो, बायको हिशेब दाखवते. तरीही मला हेच बरोबर वाटतं. तबकडीवरचा तो तपकिरी डाग म्हणजे बाबांनी चाळीस पावसाळे ते घड्याळ घातल्याची नोंद आहे. केसच्या एका बाजूचा ओरखडा बहुधा गिरणीतल्या नाहीतर कचेरीतल्या टेबलाचा आहे. तो घासून काढला की हातात उरतं ते फक्त एक जुनं स्वस्त घड्याळ, आणि तसली बाजारात ढिगाने आहेत.

बाँडच्या घड्याळाची किंमत एका कल्पित माणसाच्या कल्पित पराक्रमाची आहे, आणि तरीही लोकांनी त्याचा सन, त्याचा पट्टा, त्याचे आकडे पुराव्यानिशी जपले. आपल्या घरची माणसं खरी होती. त्यांनी पहिल्या पगारातून, हप्त्याने, कुणाकडून उसने घेऊन ती घड्याळं घेतली. ती हकिगत मात्र कुठेही लिहिलेली नाही. ती ठाऊक असणारी आपली पिढी शेवटची. आपल्या मुलांना आजोबांच्या घड्याळाचा ब्रँड गूगलवर सापडेल, पण आजोबांनी ते का घेतलं, हे सापडणार नाही.

म्हणून घरी गेल्यावर चार गोष्टी करा. एक, जुनी पावती, डबी, हमीपत्र असेल तर फेकू नका. नटिंगची पत्रं आठवा. दोन, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा: घड्याळ कुणाचं, केव्हा आणि कसं घेतलं, कुणाकडून कुणाकडे आलं. खात्रीचं असेल तेवढंच लिहा, रंग चढवू नका. तीन, पॉलिश आणि नवी तबकडी याला सरळ नाही म्हणा. आणि चार, हे जरा गांभीर्याने ऐका: साधारण १९६० च्या सुमारापर्यंतच्या चमकणाऱ्या काट्या-आकड्यांत रेडियम असायचं. आज ते अंधारात चमकत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ते संपलं. संपलेला असतो तो चमकणारा लेप. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. असं घड्याळ घरी उघडू नका, तबकडी खरवडू नका, नातवंडांच्या हातात खेळायला देऊ नका. बंद ठेवा आणि जाणकाराकडे न्या.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी अर्धायुष्य शिकवलं तेव्हा ते पुढे काउंटरवर उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. सर, आभारी आहे.

उद्या दुपारपर्यंत मी इथेच आहे, भिंग आणि हत्यारांची पेटी बरोबर आहे. कुणी घड्याळ आणलं असेल तर जरूर दाखवा. पण "याचे किती येतील?" हे शेवटी विचारा. आधी सांगा, ते कुणाचं होतं.