मुदत ठेवीचं जंगल
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



विषय वाचून काहींनी विचारलं, "साहेब, कॅनडातल्या झाडांशी आपला काय संबंध?" आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं, नातवंडं तिकडं आहेत, एवढा संबंध मला पुरेसा वाटतो.

वुड बफेलो हे कॅनडाचं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. बायसन वाचवण्यासाठी १९२२ साली ते स्थापन झालं. क्षेत्रफळ ४४,८०७ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ सातवा हिस्सा!

लांबून सगळं जंगल सारखंच दिसतं, पण तसं नाही. जमीन बदलली की वस्ती बदलते. कोरड्या, वाळूच्या जमिनीवर जॅक पाइन. पाणथळ, थंड जागी काळा स्प्रूस आणि खाली शेवाळाची जाड गादी. तिथंच टॅमरॅक नावाचं झाड असतं. सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत त्याची पानं सोनेरी होऊन गळतात. नदीकाठी पांढरा स्प्रूस आणि पॉपलर. आणि जिथं जमिनीतून खारट झरे वर येतात, तिथं झाडं नाहीतच. मीठ सोसणारी छोटी, लालसर मांसल रोपं मात्र असतात.

आता बँकवाल्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट. जॅक पाइनची बरीच फळं राळेनं घट्ट बंद असतात. वर्षानुवर्षं ती झाडावरच राहतात. वणवा आला, राळ वितळली, की फळं उघडतात आणि बी मोकळ्या राखेवर पडतं. ही झाडाची मुदत ठेवच म्हणा ना! ॲस्पेनची तऱ्हा वेगळी. खोड जळलं तरी मुळं जिवंत राहतात आणि त्यांतून नवे कोंब फुटतात.

म्हणजे आग ही या जंगलाची शत्रू नाही. पण दोन आगींमध्ये अंतर हवं. झाडं कोवळी असतानाच पुन्हा वणवा आला, तर बी पुरेसं साठलेलंच नसतं. ठेव ठेवायच्या आधीच खातं बंद! मग तिथं पुन्हा पाइन येईलच असं नाही. हवामान तापत चाललंय, मोठे वणवे वाढतायत, म्हणून काळजी. २०२३ साली तर वणव्यांमुळे या उद्यानालगतची फोर्ट स्मिथ आणि फोर्ट चिपेवायन ही गावं रिकामी करावी लागली.

दुसरी काळजी पाण्याची. १९६८ पासून पीस नदीवर वरच्या अंगाला धरण आहे. पूर्वी बर्फ अडून पूर यायचे, त्रिभुजप्रदेशातली तळी भरायची. ते कमी झाले. बायसन चरतात त्या गवताळ कुरणांत आता विलोची झुडपं शिरतायत. तिथल्या मिकिस्यू क्री लोकांनी २०१४ साली थेट युनेस्कोकडे दाद मागितली. कारण हे जंगल त्यांचं घर आहे. औषध, फळं, शिकार सगळं तिथलंच.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी मुलांकडे अल्बर्टाला गेलात, तर जळकं रान बघून "अरेरे" म्हणण्याआधी जरा खाली वाकून बघा. कोंब दिसले तर समजा, ठेव वेळेवर मिळाली.