हेवा आणि हप्ता

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात जासई येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस काटकसर या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय उत्तम आहे; परंतु काटकसरीवरचे भाषण ऐकून कोणी काटकसरी झाल्याचे आमच्या एकोणचाळीस वर्षांच्या मास्तरकीत आम्ही पाहिले नाही. म्हणून उपदेश बाजूस ठेवून आम्ही आज आमच्याच एका दोषाची हकीकत सांगणार आहोत. आम्ही मॅट्रिक झालेले, प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेले, आता सेवानिवृत्त. या वयात आपला दोष चारचौघांत सांगण्याची लाज वाटत नाही असे नाही. पण तो सांगितल्यावाचून विषयाच्या मुळाशी जाता येणार नाही.

षड्रिपूंच्या यादीत मत्सराचा क्रमांक सहावा, म्हणजे अगदी शेवटचा. काम, क्रोध, लोभ, मोह आणि मद यांची निदान थोडी तरी चव माणसास मिळते. मत्सरात चव म्हणून काही नाही. तो पहिल्या घोटापासून कडू. हेवा आणि मत्सर यांतही भेद केला पाहिजे. ‘त्याच्यासारखे मलाही मिळावे’ हा हेवा, आणि ‘मला न मिळो, पण त्याचे जावो’ हा मत्सर. पहिल्याचा दुसरा कधी होतो हे ज्याचे त्यालाही कळत नाही. महाभारतातला दुर्योधन काही उपाशी नव्हता. हस्तिनापूरचे राज्य त्याच्या घरात होते. परंतु मयसभेचे वैभव पाहून तो परतला आणि झोपेला मुकला, कारण ते वैभव परक्या राजाचे नव्हते, चुलत भावांचे होते. मुंबईच्या लक्षाधीशाचा हेवा आपल्या गावात कोणी करीत नाही. हेवा होतो तो शेजारच्या ओटीचा, भाऊबंदाच्या मांडवाचा आणि शेजारच्या खुर्चीवरील माणसाच्या सदऱ्याचा.

आमची खुर्चीही अशीच एका सहकाऱ्याच्या शेजारी होती.

साल १९८५. आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. वडिलांचे सारे आयुष्य मिठागरावर गेलेले. जी थोडी भातशेती होती ती संपादनात अडकलेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ चे दिवस तेव्हा सर्वांच्या मनात ताजे होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यात आपल्या परिसरातील पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले, हे या जासईच्या भूमीवर उभे राहून कोणास सांगावयास नको. तेव्हा घरात नियमित पैसा येई तो एकट्या आमच्या पगाराचा, आणि तोही हजाराच्या आत.

लग्न साधेपणाने करता आले असते. वराकडील मंडळी समंजस होती. त्यांनी काही मागितले नव्हते. परंतु त्याच वर्षी आमच्या आळीत एक लग्न फार थाटात झाले होते. दोन दिवस हळद चालली, बँड आला, पंगतीवर पंगती उठल्या. आमच्या मनाने घेतले की मास्तराच्या बहिणीची हळद त्याहून उणी दिसता कामा नये. शिक्षकांच्या पतपेढीतून आम्ही बारा हजार रुपये उचलले, आणि ते पुरेनात म्हणून खाजगीत आणखी दोन हजार घेतले. दुसऱ्या रकमेची वार्ता घरात कोणासही दिली नाही.

पतपेढीच्या कर्जाला दोन पगारदार जामीनदार लागत. त्यांतील एक आमचे हेच सहकारी झाले. आम्ही कागद पुढे केला, आणि त्यांनी चष्मा पुसून, रक्कम वाचून, एक शब्द न विचारता सही केली.

हे गृहस्थ फार टापटिपीने राहत. कडक इस्त्रीचा टेरीकॉटचा सदरा, घडीची विजार, चकाकते बूट, मनगटास घड्याळ. त्यांच्यावर संसाराचा भार थोडा होता आणि देणे कोणाचेच नव्हते. आमच्याकडे सदरे दोन. त्यांतल्या एकाची कॉलर विरली तेव्हा शिंप्याकडून ती उसवून, उलटवून पुन्हा शिवून घेतली होती. वहाणेचा तळ दोनदा बदललेला. हप्ता पहिल्या महिन्यास ३२० रुपये : मुद्दलाचे २०० आणि शेकडा १ प्रमाणे व्याजाचे १२०. पुढे दर महिन्यास व्याज दोन रुपयांनी उतरे. साठ हप्ते, म्हणजे पाच वर्षे. खाजगी कर्जाचे व्याज दरमहा शेकडा ३, म्हणजे ६० रुपये, ते निराळेच. आणि त्यात मुद्दल एका पैशानेही कमी होत नव्हते.

पगाराच्या दिवशी उरलेल्या नोटा मोजून आम्ही खिशात घालीत असू, आणि नेमके तेव्हाच त्या सदऱ्याची इस्त्री डोळ्यांत खुपे. प्रथम वाटे, असा सदरा आपल्यालाही असावा. काही महिन्यांनी वाटू लागले, याला तरी तो का असावा? आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत, ते खोलीत नसताना, आम्ही बोलून गेलो : ‘‘अशी इस्त्री मास्तराच्या पगारात बसत नाही. वरची मिळकत असल्यावाचून हे चालायचे नाही.’’

चार जण हसले. आम्हांसही क्षणभर हलके वाटले. परंतु तोंडातून सुटलेला शब्द वाटेत अंगाने वाढतो. हे सहकारी संध्याकाळी इयत्ता चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा वर्ग घेत, आणि तो विनामूल्य घेत. आठवड्याभरात गावात बोलले जाऊ लागले की ते त्या वर्गाचे पैसे घेतात. दोन पालकांनी आपली मुले वर्गातून काढून घेतली. सहकारी काही बोलले नाहीत. ते पूर्वीप्रमाणेच इस्त्रीचे कपडे घालून येत आणि उरलेल्या मुलांस शिकवीत. आम्हीही गप्प राहिलो. ते गप्प राहणे त्या बोलण्याहून वाईट होते, हे आज कबूल करतो.

१९८६ च्या पावसाळ्यात वडील आजारी पडले. आमची रजा संपली आणि बिनपगारी दिवस पडले. पगार इतका कमी आला की त्यातून त्या महिन्याचा हप्ता वळता होऊ शकला नाही. हप्ता थकला की नियमाप्रमाणे जामीनदाराच्या पगारास हात लागतो. आम्ही खाली मान घालून मुदत मागण्यासाठी पतपेढीत गेलो, तो कारकून म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमचा चौदावा हप्ता जमा आहे.’’ पावती पाहिली. २९४ रुपये, रोख, आणि भरणाऱ्याची सही आमच्या त्या जामीनदाराची.

त्या रात्री आम्ही आमच्या सौभाग्यवतींस सर्व सांगितले. शिक्षकांच्या खोलीतले बोलणे सांगितले आणि लपविलेले खाजगी कर्जही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘कर्ज झाले याचे वाईट नाही वाटत. मला सांगितले नाही याचे वाटते.’’ आणि वही मागून घेतली. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जे आम्हांस वर्षभर सुचले नव्हते ते त्यांना वही पाहताक्षणी दिसले. पतपेढीचे कर्ज मोठे असले तरी ते दर महिन्यास झिजत होते. खाजगी कर्ज लहान असून मुळीच झिजत नव्हते. तीन वर्षांत २१६० रुपये व्याज भरूनही दोन हजार जसेच्या तसे उभे राहिले असते. त्यांनी हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक मोडावयास दिली आणि ते कर्ज त्याच आठवड्यात संपविले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहकाऱ्यांस एका बाजूस बोलावून २९४ रुपये दिले आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘‘तुम्ही बोललात ते मला त्याच दिवशी कळले होते.’’ आम्ही विचारले, ‘‘मग जामीनकी सोडविण्याचे का पाहिले नाहीत?’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘गुरुजी, मी सही तुमच्या कर्जावर केली होती, तुमच्या बोलण्यावर नव्हे.’’ क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही. आम्ही त्या दोन पालकांच्या घरी गेलो आणि खरे काय ते त्यांच्या ओटीवर बसून सांगितले. एक मुलगा वर्गात परत आला. दुसरा आला नाही. त्याची आठवण आम्हांस अजून होते.

हेवा त्या दिवसापासून नाहीसा झाला असे सांगितले तर ते खोटे होईल. दिवाळीला त्यांचा नवा सदरा दिसला की आत कुठेतरी टोचेच. परंतु आम्ही संध्याकाळच्या त्या वर्गात गणित शिकवू लागलो. एका फळ्यापुढे दोघांनी उभे राहिल्यावर दृष्टी मुलांच्या पाट्यांकडे राहते, सोबत्याच्या इस्त्रीकडे नाही. मे १९९० मध्ये शेवटचा २०२ रुपयांचा हप्ता गेला. बारा हजारांवर एकूण व्याज ३६६० रुपये झाले होते. पुढच्या महिन्यात आम्ही एक चांगला सदरा शिवून घेतला आणि मोठ्या डौलाने शाळेत गेलो. कोणाचे लक्षसुद्धा गेले नाही. तेव्हा उमगले की आमच्या उलटविलेल्या कॉलरकडेही पाच वर्षे कोणी पाहिले नव्हते. पाहणारे आम्ही एकटेच होतो.

बंधुभगिनींनो, ही झाली आमची हकीकत. आता ती आपणा सर्वांना कोठे लागू पडते ते पाहू.

कर्जबाजारीपणाचा दोष लग्नखर्चाच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने असे मत दिले की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक दोष दिला जातो. असे प्रसंग क्वचित येतात. शेतकऱ्यास बुडविते ते किरकोळ देण्यांवर चढत जाणारे व्याज. हे मत आम्हांस न्यायाचे वाटते. गरिबाला उधळ्या म्हणणे सोपे असते. आपल्या पूर्वजांचे कर्ज उधळेपणाचे नव्हते, खोताच्या खंडाचे होते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे आपल्या आगरी कुळांनी संप चालविला. शेते पडीक ठेवली, हाल सोसले, पण संप मोडला नाही. त्या काळी सर्वांचीच वस्त्रे फाटकी होती. म्हणून कोणाला कोणाचा हेवा करण्याचे कारण नव्हते.

आज परिस्थिती निराळी आहे. जमिनी गेल्या, लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. पण कोणास भूखंड आधी मिळाला, कोणास उशिरा, कोणाचा चांगल्या भावाने गेला, कोणाचा पडेल भावाने. एकाच बांधाच्या दोन बाजूंना भात लावणारी दोन घरे, त्यांतील एकाच्या दारात मोटार उभी राहिली आणि दुसऱ्याच्या दारात नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई आपल्या उंबरठ्याशी आली. हा सारा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. हेव्याला याहून सुपीक जमीन ती कोणती? म्हणूनच आपल्या हळदी वाढल्या. जेथे धवलारीण धवले गाई आणि सारी आळी ऐकत बसे, तेथे आता कानठळ्या बसविणारी यंत्रे आली. हा खर्च वधूवरांसाठी होत नाही, मागील महिन्यात झालेल्या दुसऱ्याच्या हळदीस उत्तर म्हणून होतो. कर्ज फेडताना आम्हांस हेवा वाटला असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. खरे पाहता हेवा आधी होता. कर्ज त्याच्याच पोटी जन्मास आले होते.

आणि आता कर्ज काढणे किती सोपे झाले आहे! मोबाईलवर चार वेळा बोट फिरविले की पैसे खात्यात. जामीनदार लागत नाही. तरुणांना ही सोय वाटते. आम्हांस मात्र तेच भय वाटते. जामीनदार शोधावयास जाताना निदान एका माणसासमोर उभे राहून, कर्ज कशासाठी, हे सांगण्याची तयारी ठेवावी लागे. आता ते विचारणारा कोणी उरलेला नाही. म्हणून ते आपले आपणच विचारले पाहिजे.

आमच्या अनुभवाच्या बळावर तीन गोष्टी सुचवितो. पहिली, कर्जाची वही घरात उघडी असावी. जी रक्कम पत्नीस सांगता येत नाही ती काढू नये, आणि काढलीच असेल तर आज रात्री सांगावी. दुसरी, अनेक देणी असतील तर जड व्याजाचे देणे आधी फेडावे, मग ते लहान का असेना. तिसरी, ज्याचा हेवा वाटतो त्याच्यापासून दूर पळू नये. त्याच्या शेजारी उभे राहून एखादे काम हाती घ्यावे. आणि त्याच्याविषयी वाईट बोलण्यापूर्वी, आपल्या कोणत्या कागदावर त्याची सही आहे, हे आठवून पाहावे. कागद पतपेढीचाच असतो असे नाही. ज्याच्या दारातील मोटार आपल्यास खुपते त्यानेच कधी आपल्या आजाऱ्यास रात्री दवाखान्यात पोहोचविलेले असते. समाज म्हणजे तरी दुसरे काय? आपण सर्व एकमेकांचे जामीनदार आहोत.

 पुढील वर्षी आपल्यापैकी एका घरात जरी हळद एका दिवसाची झाली, तरी आमची लाज सत्कारणी लागली असे आम्ही समजू.