गरारा, शरारा आणि पलाझो

श्रोतेहो, एका सेवानिवृत्त शिक्षकानें स्त्रियांच्या घेरदार विजारींवर बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. पण हा विषय मी चूक करून शिकलों आहें. माझ्या पुतणीस लखनौच्या मैत्रिणीच्या विवाहास जावयाचें होतें. "काका, शिंप्यांना गरारा शिवावयास सांगा," असें म्हणून तिनें आपल्या दिवंगत आईची रेशमी साडी माझ्या हातीं दिली. मीं शिंप्यास सांगितलें, शरारा! एका अक्षराची चूक. पण तीवर कात्री चालली.

या विजारी ओळखण्याची खूण सोपी आहे. घेर कोठें सुरू होतो, तेवढें पाहावें. गरारा कमरेपासून गुडघ्यापर्यंत बेताचा रुंद असतो. गुडघ्याशीं त्यास जोड असतो, आणि तेथून दाट चुण्या घातलेलें निराळें कापड खालीं सोडलेलें असतें. जोडाची शिवण गोटा किंवा जर लावून झांकतात. अवधच्या खानदानी घरांतील हा पोषाख. शरार्‍यास गुडघ्याचा जोड नाहीं. त्याचा घेर वरूनच वाढत जातो, जणूं दोन पायांचा घागराच! फर्शी पायजमा तर जमिनीवर लोळतो. चालतांना तो हातानें उचलून धरावा लागतो. फर्श म्हणजे जमीन, म्हणून हें नांव.

पलाझोस चुण्यांचा जोड नाहीं, कळ्यांचा घेरही नाहीं. ती कमरेपासून घोट्यापर्यंत सैल व सरळ उतरते. रोममधील वेषकार इरेन गालित्झिन यांनीं १९६० मध्यें असा रुंद विजारीचा पोषाख पुढें आणला. इटालियन भाषेंत पलाझो म्हणजे राजवाडा. बेलबॉटम गुडघ्याखालीं पसरतें खरें, पण तें मांडीस घट्ट असतें आणि त्यास चुण्या नसतात. सलवारीची तर्‍हा उलटी : वर ऐसपैस, घोट्याशीं आवळ.

आमच्या शिंप्यानें शरार्‍यासाठीं साडीच्या तिरप्या कळ्या पाडल्या होत्या. त्यांतून गरार्‍याच्या चुण्यांसाठीं लागणार्‍या लांब सरळ पट्ट्या पुन्हा निघेनात. पुतणी तो शरारा घालूनच विवाहास गेली. मला ती एका शब्दानेंही बोलली नाहीं. तेंच मला अधिक लागलें.

म्हणून सांगतों, शिंप्यास केवळ नांव सांगून परतूं नका. घेर कमरेपासून हवा कीं गुडघ्यापासून, तें बोटानें दाखवा आणि मगच कापड द्या.