वाचायला बसायचं कुठे?

आवडती पुस्तकं कोणती, असं कुणाला विचारलं की दहा नावांची यादी लगेच मिळते. ती पुस्तकं कुठे बसून वाचली, कुणाच्या पैशांनी आली, दिवा कुणाचा होता, हे मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. खरं तर वाचकाची ओळख त्या यादीपेक्षा या तपशिलांतून जास्त होते. आजच्या व्याख्यानाला त्यासाठी एकच वाचक पुरे आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या ग्रंथप्रेमाचं कौतुक जयंतीच्या भाषणांत दरवर्षी होतं. पण कौतुकाच्या भरात त्या वाचनातली ओढाताण झाकली जाते.

त्यांच्या शाळकरी वयातलं घर म्हणजे परळच्या चाळीतली एकच खोली. स्वयंपाक, धूर, माणसांचा वावर, सगळं तिथेच. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या खोलीचं वर्णन आहे. झोपायच्या जागेपाशी एका बाजूला जातं आणि पायाशी शेळी. वडील रामजी सुभेदारांनी यावर तोड काढली ती घड्याळाची. मुलाने लवकर झोपायचं. रात्री दोनला वडील त्याला उठवणार, मग पहाटेपर्यंत अभ्यास. घरात जागा मिळत नसेल तर ती रात्रीच्या प्रहरांतून काढायची, असा हा हिशेब. आणि पुस्तकं? मुलाने एखादं पुस्तक मागितलं आणि हातात पैसा नसला, तर सुभेदार लग्न झालेल्या लेकींपैकी एकीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आलं की सोडवून आणत. या वाचनाच्या कथेत त्या बहिणींचा उल्लेख फार कमी होतो.

घरात जागा नाही म्हणून शाळा सुटल्यावर हा मुलगा, भीमराव, चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे त्याला हेरलं कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी. केळुसकर पेशाने शिक्षक, शिवाय लेखक. पुढे भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचं ठरवलं. सुभेदारांना ते पसंत नव्हतं, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. केळुसकरांनी त्यांचं मन वळवलं आणि समारंभात स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र मुलाला भेट दिलं.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. खरी मजा त्यापुढे आहे. सुभेदार कबीरपंथी, मुलांकडून घरी रामायण-महाभारत वाचून घेण्याचा त्यांचा शिरस्ता. बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावाने वडिलांनाच जाब विचारला: ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची अवहेलना, ते आम्हाला का वाचायला लावता? वडील चिडले, पण उत्तर दिलं. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल, तो घालवायलाच हे ग्रंथ. द्रोण, कर्ण कुठून कुठे पोचले बघा, वाल्मीकी तर कोळी. मुलाचं समाधान झालं नाही. भीष्म-द्रोण त्याला ढोंगी वाटत, कृष्णाचं कपट आणि रामाने वालीला मारण्याची रीत पटत नसे. वडील गप्प झाले. पुस्तक वाचून वडिलांशी असा वाद घालता येणं, आणि वडिलांनी तो ऐकून घेणं, ही त्या एका खोलीची श्रीमंती होती.

न्यूयॉर्कला 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली, असं कीर नोंदवतात. मग ते लंडनला गेले, पण 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने तिथून परतावं लागलं. ते स्वतः एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने निघालं आणि ती बोट पाणतीराने बुडाली. 1920 मध्ये पुन्हा लंडन. ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडलं की आत, बंद होताना शेवटी बाहेर. दुपारचं जेवण बहुधा नाहीच. रात्री खोलीवर परतल्यावर भूक असह्य झाली, तर ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे. विद्यार्थ्याच्या गरिबीचं चित्र नेहमी पावाच्या तुकड्याने रंगवतात. इथे चक्क पापड होता.

या वाचनाचा उपयोग कसा झाला, हे पाहायला ‘जातिप्रथेचं निर्मूलन’ हातात घ्यावं. एका अर्थी ते आपल्या व्याख्यानमालांच्या घरातलंच पुस्तक, फक्त न झालेलं व्याख्यान. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 च्या अधिवेशनाला त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मसुदा वाचून संयोजक बिचकले, काही मजकूर गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायलाही नकार दिला आणि भाषण स्वखर्चाने छापलं. त्याच्या शेवटाकडे ते कोलंबियातले गुरू जॉन ड्युई यांचं ऋण मान्य करतात. वारशात आलेलं सगळंच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं नसतं, निवडून द्यायचं असतं, हा ड्युईंचा शिक्षणावरचा विचार. बाबासाहेबांनी तो शाळेतून उचलून थेट हिंदू समाजाला लावला. आवडत्या लेखकाला असं कामाला जुंपणं क्वचितच कुणाला जमतं. 1952 च्या जूनमध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा ड्युईंना भेटायची आस होती. त्याच प्रवासात गुरूंच्या निधनाची बातमी कळली.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधलं ते ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवूनच. बागेत बसून वाचणाऱ्याने घर बांधताना आधी पुस्तकांची सोय पाहावी, यात नवल नाही.

केळुसकरांच्या भेटीची आणि वडिलांशी झालेल्या वादाची हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’साठी 1956 मध्ये केलेल्या प्रस्तावनेत. 1957 च्या पहिल्या आवृत्तीत मात्र ती छापलीच गेली नाही. ती वाचकांपुढे आली पुष्कळ वर्षांनी. तीत एक सूचनाही आहे. हा ग्रंथ एकटा वाचू नका. ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ आणि ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ हे सोबत घ्या. तिसरा ग्रंथ अपुराच राहिला. तिन्हींपैकी एकही त्यांच्या हयातीत छापून आला नाही.