चव जिभेवर की नाकात?



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत राजकारण, साहित्य, अध्यात्म असे थोर विषय होत असतात. आज आम्ही बोलणार आहोत ते जीभ आणि नाक यांविषयी. विषय घरगुती खरा; पण पानावर बसलेले वडीलधारे माणूस "सूनबाई, हल्ली आमटीला चवच नसते" असे म्हणते आणि स्वयंपाकघरात कोणाचे डोळे भरून येतात, तेव्हा त्याचे मोल कळते. दोष आमटीचा की आणखी कशाचा, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम जीभ. आयुर्वेदाने सहा रस मानले. आजचे शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि 'उमामी' अशा पाच रुची मानते. ही पाचवी रुची इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ओळखली. पिकलेल्या टोमॅटोत ती असते. रुची ओळखणाऱ्या पेशींचे झुबके, म्हणजे रुचिकलिका, जिभेवर काही हजार असतात. त्यांतील पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात. म्हणूनच चहाने पोळलेली जीभ लवकर ताळ्यावर येते. शेंड्याला गोड आणि मुळाशी कडू हा जिभेचा नकाशा पुष्कळांनी शाळेत पाठ केला असेल. तो खरा नाही. रुचिकलिका असतील तेथे पाचही रुची कळतात.

सहा रसांतला 'कटु' म्हणजे आपले तिखट. ते या पाचांत का नाही? कारण मिरचीतील कॅप्सेसिन रुचीच्या पेशींना नव्हे, तर उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या तंतूंना चेतवते. शरीराला भाजल्याचा भास होतो आणि मिसळ खाताना नाशिककर घाम पुसतो!

त्या मिसळीत जिभेला कळते ते मीठ, लिंबाचा आंबटपणा, आणि असेच थोडे. मग भाजलेले खोबरे, कांदा, मसाला कोण ओळखते? नाक. घास चावताना त्याचा गंध घशाच्या मागून वर चढतो. नाकाच्या छताशी घ्राणपेशींचा लहानसा पट्टा असतो. त्यांत गंध टिपणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. त्यांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली शोधली. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मोजक्या अक्षरांतून असंख्य शब्द व्हावेत, तसे या ग्राहकांच्या जुळणीतून असंख्य गंध ओळखता येतात.

घरी पडताळा पाहा. नाक चिमटीत धरून वेलदोड्याची पूड मिसळलेली साखर जिभेवर ठेवा. नुसते गोड लागेल. चिमटी सोडा, वेलदोडा लगेच हजर होईल.

२०२० साली कोरोनाच्या साथीत हे अनेकांनी अनुभवले. विषाणूचा घाला मुख्यतः घ्राणपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर होता, पण लोक म्हणाले, "तोंडाची चव गेली." वार्धक्यातही गंध हळूहळू मंदावतो, आणि तो इतका सावकाश की ज्याचा त्याला पत्ता लागत नाही. मग माणूस वरून मीठ घेते, ते रक्तदाबाला बाधते. नासके दूध कळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. नाक मंद असेल तर तो पहाराही फुकट जातो.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. घ्राणपेशी पुन्हा उत्पन्न होत असतात. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे, लक्षपूर्वक घेण्याचा सराव जर्मनीतील वैद्यांनी २००९ साली मांडला. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण अनेकांना येतो. गंध एकाएकी गेला, तर मात्र आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

तेव्हा श्रोतेहो, उद्या आमटी बेचव लागली, तर सूनबाईला बोल लावण्यापूर्वी डब्यातली एक लवंग काढून हुंगून पाहा. तिचा वास आला नाही, तर आमटीची बाजू निर्दोष ठरली असे समजा. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.